थांबण्याचा खेळ

तेलगाव, ४ नोव्हेंबर

बजरंगदादा,

जे घडलं ते असं :

१. गुरुवारी दुपारी आमच्या केंद्राचं फाटक उघडं होतं. पाण्याचा टँकर आत यायचा होता.
२. तुझी करिष्मा बाहेर पळाली. आम्ही हाका मारल्या. ती थांबली नाही.
३. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता, मागे दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टरवर गाणं मोठ्याने लावलेलं होतं. ती त्या गाण्याकडे पळत होती.
४. चालकाने ट्रॅक्टर रस्त्याखाली घातला. करिष्माला काही लागलं नाही. चालकालाही नाही. एका ट्रॉलीतला ऊस सांडला.
५. फाटकाला आता वर कडी बसवली आहे. तिचा हात तिथे पोचत नाही.

वहिनीने तुला फोनवर हे सांगितलं असेल. पण ती रडत सांगते आणि रडताना क्रम राहत नाही, म्हणून लिहिलं.

त्यानंतर तू तिला काय म्हणालास तेही मला कळलं. निवासी संस्थेचा कागद आलेला आहे, वर्ष संपायच्या आत त्यावर सही करायची आणि जानेवारीत पोरीला तिथे सोडायची. "तिथं भिंतीला भिंत हाय, रस्ता न्हाई. पोरगी जित्ती तरी ऱ्हाईल." वहिनीने तुझे हेच शब्द सांगितले. संस्था वाईट आहे असं मी म्हणणार नाही, मी ती पाहिलेली नाही. पण दहा वर्षांची पोरगी आईपासून तोडून भिंतीत ठेवायची, ती केवळ तिला थांबता येत नाही म्हणून. कारण एवढंच असेल तर ते शिकवता येतं का, हे आधी बघायला हवं.

तुला न विचारता मी तिला बीडला नेऊन दिव्यांगत्वाचा दाखला काढला तेव्हापासून तू माझा फोन उचलत नाहीस. त्याबद्दल या पत्रात काही लिहीत नाही. त्रिंबकमामा दर आठवड्याला तुझ्या मेंढरांच्या वाड्यावर पीठमीठ घेऊन जातात, त्यांच्या हाती हे देते. तुला वाचता येतं. दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ नकोस.

वर्ष संपेपर्यंत सही करू नकोस. तोवर मी तिला थांबायला शिकवते.

कसं, ते थोडक्यात सांगते. आमच्याकडे येणाऱ्या मुलांची समज सावकाश वाढते. त्यांना खुर्चीत बसवून पाटीवर शिकवलं की ती पाटीकडे बघत नाहीत, खिडकीकडे बघतात. तेच पळताना, उड्या मारताना, फेकताना, ओढताना शिकवलं की अंगातून डोक्यात जातं. मी याचंच शिक्षण घेतलं आहे. लोक त्याला खेळ म्हणतात. म्हणू देत.

वर्षाराणी


तेलगाव, १८ नोव्हेंबर

बजरंगदादा,

तुझा निरोप मिळाला. त्रिंबकमामांनी तो अक्षरशः सांगितला, वर हसलेही : "म्हणला, खेळाया शिकायला पुण्याला गेलती का? आमची पोरं तर बिनशिकता खेळत्यात."

हो, त्यासाठीच गेले होते. आता ऐक.

पहिल्या आठवड्यात सगळे खेळ फसले. शिट्टी वाजली की थांबायचं, असा खेळ घेतला. करिष्माने शिट्टी माझ्या तोंडातून ओढून घेतली आणि स्वतः वाजवत पळाली. लाल झेंडा केला, तर ती झेंड्याकडे धावत आली. हलगी वाजते तोवर नाचायचं आणि बंद झाली की पुतळा व्हायचं, या खेळात सगळी मुलं पुतळे झाली आणि ही एकटी नाचत राहिली, वाजत नसलेल्या हलगीवर. आमच्या मदतनीस सावित्रीबाई म्हणाल्या, "म्याडम, ह्या गाडीला कंपनीनं ब्रेकच दिला न्हाई बगा."

पण त्याच आठवड्यात दुसरं काही सापडलं. तेच आज सांगायचं आहे.

दाखल्याच्या वेळी तिची चाचणी झाली होती. तिच्यासमोर खेळण्यातली जनावरं ठेवली होती आणि सारख्याजवळ सारखं ठेवायला सांगितलं होतं. तपासणाऱ्याने निकाल लिहिला : 'जोड्या लावता येत नाहीत.' मी तो वाचला होता आणि धरून चालले होते.

मंगळवारी मी तशीच खेळणी अंगणात मांडली, लांब लांब, म्हणजे मुलांना पळत जाऊन आणायला लागतील. सारखं शोधून आणा, म्हटलं. युवराजने मेंढीजवळ मेंढी आणली, गाईजवळ गाय. युवराज आमच्याकडचा सर्वांत धिप्पाड मुलगा. सगळं बरोबर केलं की तो स्वतःच टाळ्या वाजवतो. करिष्मा निघाली. तिने मेंढी उचलली, पार अंगणाच्या टोकाला गेली आणि ती कोकराजवळ ठेवली. मी "नाही, सारखं" म्हटलं. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू वेडी मीच आहे. मग गाय वासराजवळ. कोंबडी पिल्लाजवळ. शेवटी मोठा चेंडू उरला, तो तिने लहान चेंडूजवळ नेला आणि दोन्हींना एकमेकांवर घासलं.

दादा, तुझ्या लक्षात आलं का? माझ्या लक्षात यायला वेळ लागला आणि मीसुद्धा त्याच वाड्यात वाढले.

संध्याकाळी मेंढरं परत आली की वाघरीच्या जाळीआत काय करतात? कोंडलेली कोकरं सोडतात आणि ज्याचं त्याला आईजवळ लावतात. चुकीच्या मेंढीजवळ गेलं तर ती लाथ मारते. सारख्याजवळ सारखं लावणारा माणूस आपल्या वाड्यावर एक दिवस टिकणार नाही. ही पोर चालायला लागल्यापासून तुझ्या मागे कोकरं धरून फिरली. तिला जोडी म्हणजे हीच माहीत आहे. तिने चाचणीत चूक केली नव्हती. तिने वाडा लावला होता.

मग मी खेळच बदलला. अर्ध्या मुलांच्या हाताला लांब फीत, अर्ध्यांच्या हाताला त्याच रंगाची आखूड फीत. लांबवाले मेंढ्या, आखूडवाले कोकरं. कोकरं एका कोपऱ्यात कोंडली आणि करिष्माला म्हटलं, लाव. तिने प्रत्येकाचं मनगट धरून, ओढत, ढकलत, युवराजला तर मागून डोकं लावून, ज्याला त्याला रंगाप्रमाणे पोचवलं. एकही जोडी चुकली नाही. तिला रंग कळत नाहीत, असंही त्या कागदावर लिहिलेलं आहे.

मी जागेवर उडी मारली. सावित्रीबाई साक्षीला आहेत.

तिची समज कमी आहे, हे खरं आहे आणि ते राहील. मी तुला चमत्कार विकत नाही. पण आत जायची वाट सापडली आहे आणि ती वाट तुझ्या वाड्यातून जाते.

थांबणं अजून जमलेलं नाही.

वर्षाराणी


तेलगाव, २ डिसेंबर

दादा,

थांबली!

पत्र नीट क्रमाने लिहायचं ठरवलं होतं. प्रयत्न करते.

आधी तुझ्या निरोपाबद्दल. त्रिंबकमामा म्हणाले, तू पत्र वाचलंस. कागद घडी करून खिशात ठेवलास आणि ते निघताना मागून विचारलंस, "कोकरू काळं व्हतं का पांढरं?" काळं होतं. खेळण्याच्या एका कानाचा तुकडा पडलेला आहे.

आता मुख्य गोष्ट. सोमवारी मी अंगणात हिरवी ताडपत्री अंथरली आणि कडेने चुन्याची फक्की मारली. खेळाचं नाव 'मेंढरं आणि पीक'. मुलं मेंढरं. ताडपत्री म्हणजे दुसऱ्याची उभी ज्वारी. सावित्रीबाई रानाच्या मालकीणबाई, हातात काठी. हलगी वाजली की मेंढरांनी पळायचं, पण पिकाच्या कडेला थांबायचं. आत पाय पडला की मालकीण अंगावर येणार. सावित्रीबाईंना ही भूमिका फार आवडली. "कुणाची गं ही ओढाळ मेंढरं? धनगर कुटं मेला? बोलवा त्याला, आज त्याची पगडीच काढून घिते!" मुलं हसून लोळत होती. युवराज मुद्दाम आत जाऊन ज्वारी खात होता.

करिष्मा पळाली ती सरळ पिकातून, पलीकडून बाहेर, फाटकाकडे. आणि फाटक उघडं होतं. कडी वर आहे, पण कडी लावणारं माणूस विसरलं की ती असून नसल्यासारखी. बाहेर रस्ता होता.

मी विचार केला नाही. तोंडातून हाळी निघाली.

आपल्या घरची. मेंढरं पिकाच्या बांधावर आली की आबा देत आणि आता तू देतोस, ती. कागदावर ती लिहिता येत नाही. आबांनी ती तुला दिली, मला नाही. आपल्या घरात बायांनी हाळी द्यायची नसते. मी ती ऐकून ऐकून शिकले होते आणि कधीच दिली नव्हती, एकटीने रानातसुद्धा नाही. आणि सोमवारी, अंगात केंद्राचा पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र, समोर पालक बसलेले, अशी मी दिली. रस्त्यावरचा एक म्हातारा सायकलवरून उतरला.

आणि करिष्मा फाटकाच्या अलीकडे थांबली. नुसती थांबली नाही. वळली, गुडघे वाकवले, मान खाली घातली आणि तुझी मेंढरं उभी राहतात तशी उभी राहिली. मग तिने इकडेतिकडे बघितलं. ती तुला शोधत होती. तू नव्हतास, मी होते. ती माझ्याकडे चालत आली आणि माझ्या तोंडावर हात ठेवून बघितला, आवाज तिथूनच आला का म्हणून.

पुन्हा खेळ लावला. पुन्हा हाळी. पुन्हा थांबली, या वेळी पिकाच्या कडेला. पुन्हा. पुन्हा. माझा घसा बसला तरी मी देत होते. दुपारचं जेवण सगळ्यांचं उशिरा झालं आणि कोणीही तक्रार केली नाही. वहिनी तिला न्यायला आली तेव्हा तिलाही दाखवलं. ती फाटकाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "अगं बया, त्यांचाच आवाज."

हाळी तुझी आहे. मी ती तुला न विचारता घेतली. हे नोंदवते. परत देणार नाही.

वर्षा


तेलगाव, ३ डिसेंबर

दादा,

एक राहिलं, म्हणून मामांना थांबवून ही चिठ्ठी जोडते. थांबल्यावर ती हसते. आधी आम्ही तिला धरून थांबवत होतो, तेव्हा ती चावायची. आता स्वतः थांबते आणि स्वतःच हसते. हे मला कुठल्या तक्त्यात भरता येत नाही.

व.


तेलगाव, २३ डिसेंबर

दादा,

मामा तुझा निरोप सांगताना दोनदा अडखळले, कारण त्यांना तुझा आवाज काढून दाखवायचा होता. "बायांनी हाळी दिऊ न्हाई, मेंढरं बिथरत्यात, म्हनला. लई तापला व्हता. मग बिडी वढली. मग म्हनला, शेवटाला आवाज चढवती का पाडती तिला इचार. चढवायचा नसतो. पाडायचा."

मी चढवत होते. पाडून बघितला. फरक पडला असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. सावित्रीबाईंच्या मते पडला. त्या म्हणतात, "आता कसं, माझाबी पाय आपुआप थांबतोय."

मधल्या दिवसांत काय झालं ते लिहिते, कारण तू विचारलं नसलंस तरी तुझा खरा प्रश्न मला माहीत आहे. हाळी द्यायला आपली वर्षी जन्मभर पोरीच्या मागे हिंडणार आहे का? नाही. म्हणून मी ती हळूहळू काढून घेतली.

आधी मोठी हाळी. मग अर्धी. मग नुसती कुजबुज. मग कुजबुजीबरोबर हाताचा पंजा. मग नुसता पंजा. मग पंजाही नाही, फक्त जमिनीवरची फक्कीची रेघ. आता रेघ दिसली की तिचे पाय आपले आपण थांबतात. ती स्वतःशी तुझी हाळी पुटपुटते, फार बारीक, शेवटाला पाडून. हे मी शिकवलं नाही. मग इकडे बघते, तिकडे बघते आणि मी "चल" म्हटलं की जाते. इकडेतिकडे बघताना तिला काय दिसतं ते मला सांगता येणार नाही, पण मान वळते. बाकी पोरंही शिकली. युवराज आता मेंढरू व्हायला तयार नाही, त्याला मालक व्हायचं आहे. सावित्रीबाईंनी काठी त्याच्या हाती दिली आणि स्वतः मेंढरू झाल्या. नऊवारीचा काष्टा मारून त्या पळाल्या तेव्हा करिष्मा इतकी हसली की खाली बसली.

मग खरा रस्ता. आधी मी आणि वहिनी दोघींनी तिचे हात धरून, नंतर कमरेला सैल दोरी बांधून. डांबराची कड म्हणजे रेघ, हे तिला कळायला वेळ लागला, कारण ती कड पांढरी नाही. म्हणून तिथेही फक्की मारली, मग रोज थोडी कमी करत गेले. गेल्या शुक्रवारी फक्की नव्हती. उसाचे ट्रॅक्टर एकामागून एक चालले होते. त्यातल्या एकावर गाणं होतं, मोठ्याने. ती पळाली. दोरी माझ्या हातात होती, मी ओढली नाही. ती कडेला थांबली. ट्रॅक्टर गेला. ती गाण्याकडे बघत जागच्या जागी नाचली. पाय कडेच्या अलीकडेच होते.

चालकाने हॉर्न वाजवला. तो तोच होता, त्या गुरुवारचा. ट्रॅक्टर पुढे जाऊन थांबला, तो उतरून मागे चालत आला आणि म्हणाला, "ताई, हीच का ती? त्या दिवसापून मी हितं गाडी हळू करतो, तरी छाती धडधडती." मी म्हटलं, हीच. त्याने ट्रॉलीतलं एक कांडं ओढून तिला दिलं. ती ते सोलून खात घरी गेली.

आईने आपल्या सगळ्या दिंद्रुड गावात सांगितलं आहे. "माझी नात आता रस्त्याला बी हुकूम करती," म्हणते. तिला मी हे असं नसतं म्हणून सांगितलं, तिने ऐकलं नाही.

आता जे मला करता येत नाही ते.

मी तिला तपासलं ते रेघेवर, रस्त्यावर, गाण्यावर. पण तिच्यासाठी गाण्याच्या ट्रॅक्टरपेक्षा मोठी गोष्ट जगात एकच आहे आणि ती सध्या गंगाथडीला मेंढरं बसवून आहे. तू रस्त्याच्या पलीकडे दिसलास तर ती थांबेल का? मला माहीत नाही. मला ठाऊक आहे ती एवढीच गोष्ट, की ज्याच्याकडे धावावंसं वाटतं तो समोर असतानाच थांबायची खरी गरज पडते. ही परीक्षा मी, वहिनी, सावित्रीबाई, कोणीही घेऊ शकत नाही. त्यासाठी तू लागतोस.

मंगळवारी, तीस तारखेला, सकाळी ये. मेंढरांजवळ त्रिंबकमामा थांबायला तयार आहेत. "येक दिस मेंढरं काय मला खात न्हाईत," असं म्हणाले. आपल्या घरासमोरचाच रस्ता घेऊ, केंद्राचा नको. दोन्ही बाजूंना माणसं उभी करीन, वाहन थांबवतील. ते उसाच्या ट्रॅक्टरचे दादाही येतो म्हणाले आहेत. करिष्माच्या कमरेला दोरी असेल आणि दोरीचं टोक माझ्या हातात. तू पलीकडे, पाणपोईजवळ उभा राहा. हाळी देऊ नकोस. फक्त तिला नावाने हाक मार. बाकीचं तिला करू दे.

ती थांबली तर तू रस्ता ओलांडून अलीकडे ये, तिला पलीकडे बोलावू नकोस. मग तो निवासी संस्थेचा कागद तुझ्या हाताने परत कर.

ती थांबली नाही, तर कागदावर सही कर. मी आड येणार नाही. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि परत लिहिलं, कारण याशिवाय तुला परीक्षा खरी वाटणार नाही. मलाही नाही.

मला वाटतं ती थांबेल. वाटणं आणि माहीत असणं यांतला फरक मला शिकवलेला आहे, तरी लिहिते : मला वाटतं ती थांबेल. कालपासून अन्न गोड लागत नाही आणि झोप येत नाही, पण ते भीतीने नाही. तू तिला पाहशील म्हणून आहे. ती कडेला येते, गुडघे वाकवते आणि ओठांतल्या ओठांत तुझी हाळी म्हणते, ते तुला लांबून ऐकू येणार नाही. ओठ बघ.

येतोस की नाही ते रविवारी, अठ्ठावीस तारखेपर्यंत मामांजवळ सांग. नाहीतर फोन कर. मी उचलेन.

वर्षी